पौर्णिमेला उघडायचं दार

यशोदाबाईंनी कडीला बांधलेला पांढरा धागा सोडला, बोटाभोवती गुंडाळला, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि दोन्ही हातांनी गॅरेजचं नवं दार ओढलं. दार दोन बोटं बाहेर आलं आणि थांबलं. खालून कर्र असा आवाज आला.

"जोर लाव की गं वहिनी," नवसाआत्या ओट्यावरून म्हणाली.

"लावतेय."

यशोदाबाईंनी परत ओढलं. दार आपलं ढिम्म. गल्लीत पंचवीस-तीस माणसं उभी होती. बुद्धवंदना नुकतीच संपली होती, प्रत्येकाच्या हातात खिरीचा ग्लास होता, आणि मैत्री कॉलनीतल्या लोकांचं एक आहे, ग्लासात खीर आहे तोवर ते जागचे हलत नाहीत. त्यामुळं सगळ्यांनी सगळं नीट पाहिलं. पगाऱ्यांच्या छायानं महिनाभर खपून केलेलं दार, आणि ते उघडत नाही.

छाया पाठीमागं उभी होती. सकाळपासून ती हसतच होती, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. ते आता कुठं ठेवावं हेच तिला कळेना.

"थांब आई, मी बघते," असं म्हणून ती पुढं झाली. नवी पांढरी साडी होती, तरी तिनं सरळ गुडघे टेकले आणि दाराखाली बोटं घालून पाहिली. बोटं जाईनात. दाराच्या पुढं गल्लीभर नवे पेव्हर ब्लॉक बसवलेले होते, आणि नेमके गॅरेजसमोर ते चांगले चार बोटं चढवून, उतार देऊन बसवलेले होते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. ते त्या चढावर जाऊन अडकलं होतं.

छायाला आधी स्वतःचाच राग आला. परवा रात्री ती आत्याला घेऊन पिंपळगावहून टेम्पोनं परतली, तेव्हा हे ब्लॉक तिच्या डोळ्यांसमोर होते. मंडळानं पौर्णिमेच्या मिरवणुकीसाठी गल्ली चांगली केली म्हणून तिला बरंच वाटलं होतं. फळीतला केसाएवढा बाक जिच्या नजरेतून सुटत नाही, तिला चार बोटांचा चढ दिसू नये? दिसला होता. पण दाराशी त्याचा काही संबंध आहे हे डोक्यात आलं नाही. शिवाय दार एकदा उघडून पाहावं असं काल वाटलं होतं, तर कडीला आईनं धागा बांधून ठेवलेला. या घरात नवी वस्तू पौर्णिमेची वंदना झाल्याशिवाय वापरत नाहीत, मग तो मिक्सर असो नाही तर दार. छायाच्या बाबांनी, सावळीरामांनी, लावलेली ही पद्धत. धागा बांधला की त्या वस्तूला हात लावायचा नाही. दार बसवलं त्या दिवशी ते लोण्यासारखं फिरत होतं. त्यानंतर धागा, आणि धाग्यानंतर ब्लॉक.

"काय झालं?" प्रफुल्लनं विचारलं. हा तिचा मोठा भाऊ, बँकेत अधिकारी, आणि कॉलनीच्या मंडळाचा सेक्रेटरी.

"ब्लॉक वर आलेत," छाया म्हणाली.

एवढं ऐकल्यावर गर्दीतल्या माणसांनी आधी दाराकडं पाहिलं, मग प्रफुल्लकडं. ब्लॉकचं काम मंडळाचं. मंडळाचा सेक्रेटरी प्रफुल्ल. आणि हे दार उघडू नये असं या घरात सगळ्यात जास्त ज्याला वाटत होतं, तोही प्रफुल्लच. जोडायला काही फार डोकं लागत नव्हतं.

झालं होतं असं, की दीड महिन्यापूर्वी, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, खुर्च्या आत ठेवताना जुन्या दाराचं एक कवाड निखळून खाली पडलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. प्रफुल्ल म्हणाला, बस्स झालं, लोखंडी शटर बसवू आणि जागा कुरियरवाल्याला भाड्यानं देऊ. छाया म्हणाली, दार मी करते आणि जागा मला द्या. नवरा वारल्यावर दोन वर्षांपूर्वी ती चांदवडहून माहेरी आली होती. मागच्या पडवीत बसून बालवाड्यांसाठी बुटक्या खुर्च्या आणि बाकडी करायची. पडवीत जागा इतकी की एक फळी उलटी करायची तर आधी स्वतः बाहेर यावं लागे. कामं येत होती, ती नाही म्हणत होती. या गॅरेजवर तिचं सगळं अडलं होतं. ते मिळालं तर तिचं स्वतःचं काम उभं राहणार. नाही तर वरच्या खोलीत प्रफुल्लच्या मुलीच्या, साक्षीच्या, कपाटाशेजारची गादी, आणि पाहुण्यांपुढं "ही आमची छाया, आमच्याकडेच असते" एवढी ओळख. ते "आमच्याकडेच असते" ऐकलं की ती उठून पडवीत जायची.

बहीणभावाचं भांडण आठवडाभर चाललं, तेव्हा यशोदाबाईंनी निकाल दिला. पौर्णिमेला सगळ्यांसमोर दार उघडून दाखव. उघडलं तर गॅरेज तुझं. नाही उघडलं तर प्रफुल्ल म्हणेल ते. दोघांनीही मान्य केलं होतं. आणि आज पौर्णिमा होती.

लोक हळूहळू पांगले. जाताना कुणी "होतं असं" म्हणालं, कुणी "खीर छान झाली होती" म्हणालं. दुसरं ऐकायला जास्त वाईट वाटलं. घरचे तेवढे आत गॅरेजात आले, ओट्याकडच्या लहान दरवाजानं. आत छायानं कामाचा बाक मांडायची जागा खडूनं आखून ठेवली होती. ती रेघ कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सगळेच कडेकडेनं उभे राहिले.

रोहिणीनं, म्हणजे प्रफुल्लच्या बायकोनं, तोंड उघडलं. महिनाभर ती नवऱ्याच्या बाजूनं होती. नव्या शटरचा रंगसुद्धा तिनं ठरवून ठेवला होता.

"अहो, एक विचारू? ते ब्लॉक आपल्याच दारापुढं तेवढे उंच कसे आले?"

प्रफुल्लनं खडूच्या रेघेकडं पाहिलं.

"समोरच्यांच्या दारात नाहीत. बाजूच्यांच्या दारात नाहीत. तुम्हीच उभे होतात ना कामावर?"

"होतो."

"मग?"

"मग काय. झालं काम. मंडळाचं काम होतं, माझ्या देखरेखीखाली झालं. चूक माझी."

रोहिणी नवऱ्याकडं बघतच राहिली. "मला शटर हवं होतं, हे खरं," ती म्हणाली. "पण असं नको होतं. ती बाई महिनाभर भरउन्हात रंधा मारत होती, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होते. हरवायचं तर तोंडावर हरवावं."

तेवढं बोलून ती पलीकडं छायाशेजारी जाऊन उभी राहिली. घरातली फळी अशी बदलते. एक पाऊल सरकलं की मोजणी उलटी. फक्त नवसाआत्या त्याच वेळी दुसऱ्या बाजूला सरकली. आत्या म्हणजे सावळीरामांची बहीण, पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये तीस वर्षं पेट्या भरून हाताला घट्टे पडलेली. बोलायला तिखट, आणि गोष्टी लांबवलेल्या तिला खपत नाहीत.

"ह्यात एवढं काय हाय?" आत्या म्हणाली. "खालून चार बोटं कापून टाक. माझा भाऊ तेच करायचा. रस्ता वर आला की ह्यो दार कापायचा. पाच मिनिटाचं काम. उघडलं म्हंजे झालं."

"नाही कापणार," छाया म्हणाली.

"अगं पण उघडंल ना?"

"आज उघडेल आत्या. बाबांनी तीनदा कापलं. प्रत्येक वेळी रस्ता वर आला, प्रत्येक वेळी दार खालून कमी झालं. तिसऱ्यांदा तळाची आडपट्टीच निघून गेली. दाराला खाली धरून ठेवायला काही राहिलं नाही. म्हणून तर ते जयंतीला पडलं. मी खालून कापलं तर माझं दार उघडेल, पण दहा वर्षांनी ते कुणाच्या तरी अंगावर पडेल."

"मग ब्लॉक उचला," रोहिणी म्हणाली.

"कडेला सिमेंट भरलंय," प्रफुल्ल म्हणाला. "आणि सात वाजता मिरवणूक याच गल्लीतून येणार. शंभर माणसं खड्ड्यातून चालवायची का?"

"तुम्ही बोलूच नका."

छाया इतका वेळ भावाकडं पाहत नव्हती. आता तिनं पाहिलं. लहानपणी हाच भाऊ तिच्या वाटणीचा मार खायचा. शाळेत तिनं काच फोडली तर हा हेडमास्तरांपुढं जाऊन "मी फोडली" म्हणायचा, आणि घरी येऊन तिला चिमटे काढायचा. त्या माणसानं रस्ता उंच करून बहिणीचं दार अडवलं असेल, हे तिला खरं वाटेना. आणि दुसरं काही सुचेना.

"दादा, मुद्दाम केलंस?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोड. तू सांग."

प्रफुल्लनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. बँकेत कर्ज नाकारायच्या आधी तो असंच करायचा म्हणे. "मी कामावर होतो. माझी चूक. आता अजून काय लिहून देऊ?"

"नको लिहून देऊ," यशोदाबाई म्हणाल्या.

त्या इतका वेळ स्टुलावर बसून होत्या. पदराच्या गाठीशी त्यांची बोटं चाळा करत होती. सगळे वळले.

"मी सांगितलं त्या पोरांना," त्या म्हणाल्या. "ब्लॉक बसवणाऱ्या. दुपारची वेळ होती, सरबत नेऊन दिलं मी त्यांना. म्हटलं, आमच्या दाराशी जरा उंच घ्या रे बाळांनो, पावसाचं पाणी वाहून येतं, पोरीनं नवीन दार केलंय, ते भिजेल. त्यांनी घेतलं उंच. मला बरं वाटलं. म्हटलं छाया आली की खूश होईल."

रोहिणीनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

"दादाला माहीत होतं?" छायानं विचारलं.

"आत्ता सकाळी कळलं त्याला. दार अडलं तेव्हा माझ्याकडं बघितलं त्यानं. त्याला आठवलं असेल, सरबताचे ग्लास तोच परत घेऊन आला होता." यशोदाबाईंचा आवाज फाटला. "तीस माणसांत म्हातारीचं नाव नको निघायला म्हणून गप्प बसला तो. अट मी घातली, आणि वाटही मीच बुजवली. आता मी काय बोलू? कुणाच्या बाजूनं बोलू?"

आणि ही बाई, जिला सावळीराम गेले तेव्हाही चारचौघांत कुणी रडताना पाहिलं नव्हतं, ती पदर डोळ्याला लावून रडायला लागली. छाया जाऊन तिच्या पायाशी बसली. तिला स्वतःलाही रडायला येत होतं, पण त्यात दुःखापेक्षा लाज जास्त होती. भावावर संशय घेतला होता तिनं, आणि तोंडावर विचारलंही होतं.

"आई, उठ. काही झालं नाही," ती म्हणाली.

"काही कसं नाही झालं? अट म्हणजे अट. दार उघडलं नाही."

तेव्हा प्रफुल्ल बोलला. "आई, तू म्हणाली होतीस पौर्णिमेला उघडायचं. सकाळी उघडायचं असं कुठं म्हणाली होतीस? पौर्णिमा अजून सरली नाही."

नवसाआत्यानं कपाळाला हात लावला. "ह्यो कुणाच्या बाजूचा हाय ते तरी ठरवा रे."

प्रफुल्लनं तिकडं लक्ष दिलं नाही. तो दारापाशी गेला, कवाडावर तळवा फिरवला. देवळाली कॅम्पातल्या एका मोडलेल्या बंगल्याचा साग होता तो, छायानं फळी फळी निवडून आणलेला. "हरायचं असेल तर दारामुळं हर," तो बहिणीला म्हणाला. "आईच्या सरबतामुळं हरलीस तर मला त्या कुरियरवाल्याचं भाडं पचणार नाही. काय करता येईल बोल."

छाया उठली. आता डोकं चाललं. खरं तर अडकलेलं दार पाहिलं तेव्हापासून ते आत कुठंतरी चालूच होतं, फक्त रडारडीत ऐकू येत नव्हतं.

"बाहेर उघडता येत नाही, तर आत उघडायचं," ती म्हणाली. "आतली जमीन कुठं वर येणार आहे? रस्ता किती का चढेना."

"मग उघड आत," आत्या म्हणाली.

"एवढं सोपं नाही आत्या. एकेक कवाड साडेचार फूट रुंद आहे. आत फिरलं तर हा अख्खा पुढचा भाग त्याच्या फिरण्यातच जाणार. माझा बाक कुठं मांडू? फळ्या कुठं ठेवू? दार मिळेल आणि जागा जाईल."

"मग?"

"घडी घालायची. एकेका कवाडाचे उभे दोन भाग करायचे, मध्ये बिजागऱ्या. मधला भाग कडेच्या भागावर दुमडायचा, आणि दोन्ही मिळून भिंतीला लावायचे."

"दोन भाग करायचे म्हणजे," रोहिणीनं सावकाश विचारलं, "तू हे दार मधून कापणार?"

"हो."

"आत्ता खालून कापायला नाही म्हणालीस ती?"

"खालून कापलं की दार लहान होतं वहिनी. मधून कापलं तर दार तेवढंच राहतं. वर, मध्ये, खाली, तिन्ही आडपट्ट्या दोन्हीकडं शाबूत राहतात." हे बोलताना तिचा आवाज एकदम ठाम झाला, आणि तो आवाज ऐकून रोहिणीनं पायात चपला सरकवल्या.

"किती बिजागऱ्या?"

"सहा. मोठ्या, पट्टीच्या. पण आज सुट्टी आहे, दुकानं..."

"जेल रोडला एक उघडं असतं, त्याची बायको माझ्या भिशीत आहे. नसलं उघडं तर उघडायला लावीन." रोहिणीची स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा साक्षी हसून म्हणाली, "मम्मीनं पक्ष बदलला." आत्या म्हणाली, "तुझ्या मम्मीनं दुकानदार उठवलाच म्हणून समज."

दुपारी सगळ्यात आधी दोन्ही कवाडं उतरवली. प्रफुल्लनं शर्ट काढून बनियनवर काम केलं, जे कॉलनीत कुणी पाहिलं नव्हतं. सावळीराम सरकारी छापखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये, लाकूडकामाच्या खात्यात होते. पिढीजात सुतार नव्हते ते. शिकवायला कुणी राजी नव्हतं तेव्हा दुरून बघून बघून शिकले, आणि मग असे शिकले की साहेब लोक घरची कपाटं त्यांच्याकडून करून घ्यायचे. आपल्या पोरानं तरी खुर्चीवर बसून काम करावं म्हणून त्यांनी प्रफुल्लला कधी करवतीला हात लावू दिला नाही. फळी धरायला मात्र बोलवायचे. प्रफुल्लला त्याचा वैताग यायचा. छाया न बोलवता जायची.

"घट्ट धर दादा. हलवू नकोस."

"धरलंय. बाबांनी आयुष्यभर एवढंच शिकवलं मला."

पहिलं कवाड दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. छायानं दोन फळ्यांच्या सांध्यावर करवत ठेवली. इथून कापलं की फळ्यांना धक्का नाही, फक्त मागच्या तीन आडपट्ट्या आणि तिरकी पट्टी कापायची. मनात सगळं स्वच्छ होतं. पण हात पुढं जाईना. महिनाभर हे जोडलं होतं. एकेक पट्टी घासून, बसवून, परत काढून, परत बसवून. आणि जोडलेलं एकदा चुकून तिरकं कापलं गेलं, तर पौर्णिमा काय, पुढची दिवाळी आली तरी ते सरळ होणार नव्हतं.

चांदवडला सासरी एकदा तिनं करवत हातात घेतली होती. दीर म्हणाला होता, वहिनी, ठेवा ते, लोक बघतात. तिनं ठेवली होती. पुढं अकरा वर्षं ठेवलीच होती.

"काय झालं?" प्रफुल्लनं विचारलं.

"भीती वाटते."

"मलाही वाटते. माझा अंगठा मध्ये आहे."

तिला हसू फुटलं. हसता हसता तिनं करवत ओढली. पहिला घास बसला, भुसा उडाला, आणि मग हाताला ताल सापडला तो शेवटपर्यंत सुटला नाही. वरची पट्टी कापली, मधली कापली, तिरकी कापली, खालची कापली, आणि कवाडाचे दोन भाग अलगद सुटे झाले. प्रफुल्लनं एक भाग उचलून उजेडाकडं धरला आणि त्याची कड डोळ्याच्या रेषेत आणून पाहिली. बाबा असंच पाहायचे. आपल्याला हे येतं हे त्यालाच माहीत नव्हतं.

"सूत सरळ आहे," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "छाया, मला वाटायचं तू हे वेळ घालवायला करतेस. भावजींचं विसरायला. म्हणून म्हणत होतो, नको ही दगदग, वरच्या खोलीत आरामात राहा."

"मला आराम नको आहे दादा. आरामात राहिलं की मी कुणीच नसते."

त्यानं दुसरं कवाड आणून घोड्यांवर ठेवलं.

रोहिणी बिजागऱ्या घेऊन आली, आणि बरोबर स्क्रूही, कारण ते सांगायला सगळे विसरले होते. मग मधल्या नव्या बिजागऱ्या बसल्या आणि चौकटीवरच्या आतल्या बाजूला आल्या. दार जिथं टेकून थांबतं ती पट्टी चौकटीच्या आतून काढून बाहेरून मारली. आत्या एका बाजूला बसून पंख्यानं सगळ्यांना वारा घालत होती आणि प्रत्येक स्क्रूवर मत देत होती. यशोदाबाई सारखा चहा आणत होत्या. त्यांना कुणी कामाला हात लावू देत नव्हतं, म्हणून चहावर चहा होत होता.

"वहिनी, पुरे," आत्या म्हणाली. "आता चहा उतू गेला तरी चालंल, पण कुणाला सरबत नेऊन देऊ नगं."

यशोदाबाई पहिल्यांदा हसल्या. मग सगळेच हसले, आणि ते सकाळचं जे छातीवर बसलं होतं ते उठून गेलं.

सातच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक आली. पुढं पांढऱ्या साड्यांतल्या बायका, हातात मेणबत्त्या, मागं फुलांनी सजवलेला रथ. छाया चौथ्या भागाचा शेवटचा स्क्रू पिळत होती. तिच्या साडीला भुसा लागलेला, कपाळावर घाम, अंबाडा सुटलेला. रथ पगाऱ्यांच्या घरासमोर थांबला, दरवर्षी थांबतो तसा. सकाळचीच माणसं होती सगळी. दार परत बंद पाहून त्यांच्यातले दोघं-तिघं एकमेकांकडं बघायला लागले.

"आई, ये," छाया आतून म्हणाली.

"नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "सकाळी मी ओढलं ते बस झालं. ज्याचं दार त्यानं उघडावं."

छायानं पदर खोचला. मधल्या दोन भागांच्या आडपट्ट्या धरल्या. या घडीला तिच्या मनात ना अट होती ना कुरियरवाला. फक्त एवढंच होतं, की हे फिरलं पाहिजे. तिनं आतल्या बाजूला ओढलं. मधले दोन्ही भाग आत आले, कर्र नाही, कुर्र नाही, आणि कडेच्या भागांवर जाऊन दुमडले. मग तिनं एकेक जोडी भिंतीकडं नेली. बोटानं ढकलावी एवढ्यावर ती गेली. साडेआठ-नऊ फुटांचं तोंड सताड उघडं झालं, आणि गल्लीतला सगळा मेणबत्त्यांचा उजेड खडूच्या रेघेपर्यंत आत आला.

क्षणभर कुणाला काय झालं ते कळलं नाही. मग समोरच्या घरातल्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, हे तर घडी घालून बसलं." आणि टाळ्या सुरू झाल्या. कुणी ठरवून नव्हे. पुढच्या बायकांच्या हातात मेणबत्त्या होत्या, त्यांनी त्या एका हातात घेऊन दुसरा हात मांडीवर मारला. मागच्या माणसांना काही दिसत नव्हतं, तरी त्यांनीही वाजवल्या. रथ ओढणाऱ्यांपैकी एकजण पुढं येऊन म्हणाला, "ताई, आमचंपण दार असंच रस्त्यानं खाल्लंय. असं करून द्याल का?" त्याच्या मागून आणखी एक आवाज आला, "आमचंही."

"ओळीनं या," नवसाआत्या म्हणाली. "माझी भाची मोकळी नाय बसली."

यशोदाबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मोठ्यानं बोलायची त्यांची सवय नव्हती, पण आज बोलल्या. "सगळ्यांनी ऐका. पौर्णिमेला दार उघडलंय. आजपासून हे गॅरेज माझ्या छायाचं." एवढं म्हणून त्या लेकीकडं वळल्या आणि तिच्या केसांतला भुसा हातानं झाडायला लागल्या. छायाला आता मात्र आवरलं नाही. ती उभ्याउभ्या रडली, सगळ्या कॉलनीसमोर, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. सासरी रडताना दार लावून घ्यावं लागायचं. इथं दार उघडं टाकून रडत होती, आणि तेही स्वतःचं.

प्रफुल्लचा फोन वाजला. कुरियरवाला होता, जागा बघायला निघालो म्हणत होता. "नका येऊ," प्रफुल्ल म्हणाला. "जागा गेली. हो, कायमची. आमच्या बहिणीनं घेतली."

मिरवणूक पुढं गेली. खीर संपली होती, म्हणून रोहिणीनं भजी तळायला घेतली. गल्लीत अंधार पडू लागला, आणि प्रफुल्लला आठवण झाली की गाडी महिनाभर परक्यांच्या फाटकात लावतोय. तो जाऊन गाडी घेऊन आला. उघड्या गॅरेजसमोर आणून उभी केली. वीस वर्षं हे गॅरेज त्याच्या गाडीचं होतं, आणि वीस वर्षांत तो कुणाला न विचारता सरळ आत घालत आला होता. आजही त्यानं सवयीनं पुढचं चाक चढावर घेतलं. मग ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"छाया," त्यानं विचारलं, "गाडी आत घेऊ का?"

रोहिणी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. आत्यानं पंखा थांबवला. छायाच्या तोंडावर सवयीनं "घे ना" आलंच होतं. आयुष्यभर तेच आलं होतं.

"नाही दादा," ती म्हणाली. "उद्या सकाळी इथं माझा बाक लागायचाय."

प्रफुल्लनं मान डोलावली. "बरोबर आहे," असं म्हणून त्यानं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली तेवढी एक जागा होती, आणि अंधारात मागचं नीट दिसत नव्हतं. छाया गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि हात हलवत त्याला सांगू लागली, "येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे. बस."